चेन वाजते म्हणून लगेच आवळू नका; आधी ढिलाई मोजा

पावसाळ्यात शेतरस्त्याच्या चिखलातून फिरलेल्या मोटरसायकलची चेन लवकरच खडखड वाजायला लागते. डेअरीवर जायची घाई असते. गॅरेजवाल्याला ‘जरा आवळून दे’ म्हटलं की पाच मिनिटांत आवाज बंद होतो आणि गाडीवालाही खूश. पण आवाज थांबला म्हणजे चेन बरोबर बसली असं नाही. ढिली चेन वाजते म्हणून लक्षात तरी येते, गरजेपेक्षा जास्त आवळलेली कळत नाही.

मागे दुधाचे दोन कॅन किंवा खताचं पोतं ठेवलं की शॉकअप दबतात, चाक वर सरकतं आणि चेन आणखी ताणली जाते. रिकाम्या गाडीवरच तारेसारखी ताठ असलेली चेन ओझ्याखाली पुढच्या स्प्रॉकेटचा शाफ्ट ओढत राहते. त्याचं बेअरिंग गेलं तर इंजिन उघडण्यावर गोष्ट येते. उलट फार ढिली चेन खड्ड्यात उतरते, आणि पुढच्या स्प्रॉकेटपाशी गुंतली तर चालत्या गाडीचं मागचं चाक जाम होतं.

१०० ते १२५ सीसीच्या बहुतेक गाड्यांना साधारण २० ते ३० मिलीमीटर ढिलाई लागते, म्हणजे अंगठ्याच्या रुंदीएवढी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, तोच धरावा. गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. चेन कव्हरच्या भोकाचं रबरी बूच काढून खालची चेन मधोमध बोटाने वर-खाली करून पाहावी. चाक थोडं थोडं फिरवत तीन-चार ठिकाणी पाहावं, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी झिजलेली नसते. जिथे सर्वांत ताठ लागते, तिथलंच माप धरायचं. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेनला हात लावणं म्हणजे बोटं गमावण्याचं काम. घाईत तेच होतं.

आवळताना आधी मागच्या एक्सलचा नट ढिला करावा. काही गाड्यांना स्प्रॉकेटच्या बाजूला आणखी एक मोठा नट असतो, तो सोडल्याशिवाय चाक सरकत नाही. मग दोन्हीकडचे ॲडजस्टर पाव-पाव फेरा, सारखेच फिरवावेत. दोन्ही बाजूंना खुणा असतात, त्या जुळल्याच पाहिजेत. एका बाजूला एक खूण जास्त झाली तर चाक तिरकं बसतं आणि स्प्रॉकेटचे दात एका अंगाने खाल्ले जातात. एक्सलचा नट पक्का केल्यावर ढिलाई पुन्हा मोजावी. नट आवळताना ती बदलते.

इथेच एक गोष्ट हमखास राहून जाते. चाक मागे सरकलं की ड्रम ब्रेकचा रॉडही ताणला जातो आणि ब्रेक घासत राहतो. रॉडच्या टोकाचा नट थोडा सोडून पॅडलला पुरेशी ढिलाई द्यावी आणि चाक हाताने मोकळं फिरतं का, हे बघावं. ब्रेकचा लाइटही तपासून घ्यावा.

गाडी धुतल्यावर चेन पुसून कोरडी करावी आणि तिला ९० नंबरचं ऑईल द्यावं. इंजिनमधून काढलेलं काळं ऑईल फुकट मिळतं खरं, पण त्यात लोखंडाचा कीस असतो. तरुण पोरं दिसायला बरं म्हणून चेन कव्हर काढून टाकतात. त्याच गाडीवर मागे आई किंवा बहीण बसते. पदर, ओढणी चेनमध्ये जायला एक क्षण पुरतो.

ॲडजस्टर शेवटच्या खुणेला पोहोचला, की चेन संपली. कडी काढून ती आखूड करून घेतली तरी झिजलेल्या कड्या स्प्रॉकेटच्या दातांत नीट बसत नाहीत. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट असा सेटच बदलावा. नवी चेन बसवताना लॉकच्या क्लिपचं बंद तोंड चेन ज्या दिशेला धावते त्या बाजूला आहे ना, हे गॅरेजमध्येच वाकून पाहून घ्यावं.