परळचे दहा दिवस

इंदूरजवळ सिमरोलच्या फाट्यावर उभे आहात ना? आयआयटीच्या मोठमोठ्या इमारती, गुळगुळीत रस्ता, खिशातला मोबाइल, सगळं विसरा. साल १९७२. खंडव्याची बस धूळ उडवत येते, कंडक्टर दारातून ‘चलो, जल्दी चलो’ ओरडतो आणि तुम्ही आत्याच्या काखेत हात घालून तिला वर चढवता. तिचा डावा पाय पायरीवर नीट पडत नाही. काही वर्षांपूर्वी तिच्या स्तनातली गाठ काढली, तेव्हा घरात सगळ्यांना सुटल्यासारखं वाटलं होतं. आता रोज पहाटे तिचं डोकं ठणकतं, फारशी मळमळ नसताना भसकन उलटी होते, आणि समोरच्या एका वाटीच्या तिला दोन दिसतात.

घाट लागतो. डिझेल, विडी आणि कुणाच्या तरी टोपलीतला लसूण, सगळ्यांचा एकच वास. प्रत्येक खड्ड्याला आत्या कपाळ दाबते. मोरटक्क्याच्या पुलावर नर्मदामाई दिसताच सगळी बस हात जोडते, खिडक्यांतून नाणी पडतात. आत्याही मुठीतलं नाणं फेकते. पुढे खंडव्याला तिसऱ्या वर्गाचा लाकडी बाक, डोळ्यात गेलेली कोळशाची कणी, भुसावळची केळी, इगतपुरीला इंजिन बदलेपर्यंत एक कप चहा. आणि मुंबईतलं दादर.

परळ तुम्हाला आधी ऐकू येतं. गिरणीचा भोंगा छातीतून आरपार जातो. पाळी सुटलेल्या कामगारांच्या केसांत कापसाचे तंतू, अंगाला घाम आणि तेलाचा वास. त्या लोंढ्यातून आत्याला सांभाळत तुम्ही कर्करोगाच्या टाटा हॉस्पिटलात शिरता. १९४१ साली ऐंशी खाटांनी सुरू झालेलं हे रुग्णालय आता अर्ध्या देशाचं झालंय. बाकावर मराठी, गुजराती, बंगाली, भोजपुरी एकमेकींत मिसळलेल्या. फिनेल, स्पिरिट, चिघळलेल्या जखमा आणि डब्यातली लोणचं-पोळी. सरकून घ्या, शेजारची बाई आपणहून आत्याला टेकायला जागा देतेय.

डॉक्टर सांगतात, ‘आजी, माझ्या बोटाला बोट लावा.’ आत्याचं बोट हवेतच चुकतं. मग ते तिच्या डोळ्यात बारीक उजेड सोडून आत बघतात. मागची नस सुजलेली. म्हणजे कवटीत दाब वाढलाय. मेंदूचा आतला फोटो त्यांच्याकडे नाही. सीटी स्कॅनखाली पहिला रुग्ण लंडनमध्ये गेल्याच वर्षी झोपलाय, ते यंत्र इथे यायला अजून वेळ आहे. त्याऐवजी शिरेत किरणोत्सारी औषध टोचायचं आणि ते मेंदूत कुठे जमतं ते टिपायचं. स्कॅनर डोक्यावरून रांगेरांगेने सरकतो, टकटक करत कागदावर ठिपके उमटवतो. एका जागी ठिपके दाट होतात. शेजारी आणखी एका जागी.

स्तनातला रोग मेंदूत पसरलाय. गाठी एकाहून जास्त आहेत, तेव्हा कवटी उघडून उपयोग नाही. आधी डेक्सामेथासोन. मिनिआपोलिसच्या डॉक्टरांनी अकरा वर्षांपूर्वी या औषधाचा गुण दाखवून दिलाय: गाठ तशीच राहते, पण भोवतालची सूज ओसरते. तुमचा विश्वास बसत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या उठून बसते, तुम्हाला नावाने हाक मारते आणि विचारते, ‘अरे, पोहे कुठे मिळतील का इथे? वर शेव घालून?’ तुम्ही रस्ताभर धावत सुटता. परळचे पोहे इंदूरसारखे नसतात, शेव तर नसतेच. तरी ती दोन बशा संपवते. भूक या औषधानेच वाढते, झोपही तेच उडवतं. रात्रभर ती बडबडते, आणि ऐकायला तुम्ही आहात.

मग कोबाल्ट यंत्राची किरणं. कानशिलावर जांभळ्या शाईची खूण, ‘डोकं धुवायचं नाही हं’ अशी ताकीद. कडक टेबल, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. सगळे बाहेर येतात, जड दार लागतं, आणि ती आत एकटी. शिशाच्या जाड काचेतून तुम्हाला फक्त तिची पावलं दिसतात. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. दुखत नाही, भाजत नाही. बाहेर आल्यावर ती म्हणते, ‘डोळे मिटले होते, तरी निळं काहीतरी चमकलं.’ तिला भ्रम झालेला नाही. डोक्याला किरणं घेणारे कितीतरी रुग्ण हेच सांगतात.

रोज तीनशे रॅड किरणं, दहा दिवस. सगळ्या मेंदूला सारखीच, कारण गाठीपुरती नेमकी किरणं टाकायला गाठ नेमकी दिसायला हवी. आज एमआरआय मिलिमीटरने जागा दाखवतो, गॅमा नाइफ तेवढ्याच गाठीवर किरणं रोखतो, काही गोळ्या मेंदूपर्यंत पोहोचतात. आत्याच्या वाट्याला यातलं काही नाही. उपचाराविना साधारण महिना, किरणांनी तीन ते सहा महिने, एवढाच तेव्हाचा हिशेब. या उपचाराला ‘नुसता आराम’ म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. सकाळी डोकं न धरता उठणं, एका वाटीची एकच वाटी दिसणं, हे नुसतं कसं?

दहाव्या दिवशी डॉक्टर तुम्हाला बाजूला घेतात. दोन-तीन आठवड्यांनी केस गळतील, घाबरू नका. चेहरा सुजेल, तो गोळ्यांमुळे. गोळ्या कमी करत न्यायच्या, एकदम बंद करायच्या नाहीत. तुम्ही सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर लिहून घेता: सकाळी दोन, रात्री एक, पुढच्या सोमवारपासून सकाळी एक. आत्या ते हातातून घेते, स्वतः वाचते आणि ‘रात्री’च्या पुढे ‘जेवणानंतर’ लिहायला लावते.