कोलकाता ते मुंबई, नागपूरमार्गे

कोलकाता आणि मुंबई यांमधील महावर्तुळ अंतर, म्हणजे पृथ्वीच्या वक्र पृष्ठभागावरून मोजलेले किमान अंतर, सुमारे १,६६० किलोमीटर भरते. मात्र या दोन शहरांमधील प्रवासाला लागणारा वेळ दीर्घकाळ या आकड्यापेक्षा वाटेतल्या थांब्यांनी आणि जोडण्यांनी ठरवला. मार्च १८७० मध्ये जबलपूर येथे दोन रेल्वे कंपन्यांचे मार्ग जोडले गेले, तेव्हा अलाहाबादवरून जाणारा सलग लोहमार्ग उपलब्ध झाला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल नागपूर रेल्वेने नागपूरवरून अधिक जवळची वाट दिली. तीही १,९६८ किलोमीटरची.

विमानवाहतुकीने हे चित्र लगेच पालटले नाही. इंपीरियल एअरवेजची लंडनहून कराचीपर्यंत येणारी सेवा १९३३ मध्ये कोलकात्याच्या दमदम विमानतळापर्यंत वाढली, परंतु ती जोधपूर, दिल्ली, अलाहाबाद अशी उत्तरेकडून येई. टाटांची १९३२ ची टपालसेवा कराचीहून मुंबईमार्गे मद्रासकडे जाई. म्हणजे दोन्ही शहरे कराचीशी जोडली गेली, एकमेकींशी नव्हे.

खरी जोडणी ३० जानेवारी १९४९ रोजी सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेने केली. दळणवळणमंत्री रफी अहमद किडवई यांच्या या योजनेत कोलकाता, मुंबई, दिल्ली आणि मद्रास येथून संध्याकाळनंतर निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. निवड भौगोलिक दृष्ट्या अचूक होती: नागपूर हे कोलकाता–मुंबई आणि दिल्ली–मद्रास या दोन्ही सरळ रेषांच्या छेदाजवळ पडते, त्यामुळे कोलकात्याहून मुंबईस जाताना वाट जेमतेम काही किलोमीटरांनी लांबते. ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगाच्या डकोटा विमानाला दमदमहून सोनेगावला पोहोचण्यास सुमारे चार तास लागत. एप्रिल १९४९ पासून देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने जाऊ लागली, आणि कोलकात्यात संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी मुंबईत मिळणे शक्य झाले. (मुंबईची नागरी घड्याळे १९५५ पर्यंत भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती, ही गुंतागुंत वेगळीच.)

रात्री उतरण्याच्या सोयी अपुऱ्या असताना ही घाई करू नये, असा जे. आर. डी. टाटा यांचा आक्षेप होता, आणि तो अनाठायी म्हणता येत नाही: डिसेंबर १९५३ मध्ये नागपूरहून उड्डाण करताच एक टपालविमान कोसळून १३ जण मृत्युमुखी पडले.

पुढे १९६४ मध्ये इंडियन एअरलाइन्सकडे कॅरावेल ही जेट विमाने आली, आणि दोन्ही शहरांमधला टप्पा अधिक वेगाने पार करता येऊ लागला. आज वेळापत्रकात हा प्रवास अडीच ते तीन तासांचा दिसतो. उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांमुळे, विशेषतः हिवाळ्यात, मुंबईहून कोलकात्यास जाणे परतीपेक्षा काही मिनिटांनी लवकर होते.