लोकाकृतीचे गणित आणि अमरावतीची धवला

लोकाकाशाचे चित्र जैन श्रावकाला बालपणापासून परिचित असते. पाय फाकवून, कटीवर हात ठेवून उभ्या असलेल्या पुरुषासारखी ही आकृती डाव्या-उजव्या अंगांनी अगदी समान असते. हे सौंदर्य केवळ चित्रकाराच्या कल्पनेतून आलेले नाही. त्यामागे निश्चित मापे आहेत. लोकाची उंची १४ रज्जू. रुंदी तळाशी ७, मध्यलोकाशी १, ब्रह्मलोकाशी ५ आणि शिखरावर पुन्हा १ रज्जू.

परंतु सपाट पटावर जाडी दिसत नाही. लोक मृदंगासारखा गोल, की उत्तर-दक्षिण सर्वत्र ७ रज्जू जाडीचा? समोरून दोन्हींचे चित्र एकच! आचार्य वीरसेनांनी इ. स. ८१६ मध्ये पूर्ण केलेल्या 'धवला' टीकेत हा प्रश्न गणिताने सोडविला. आगमपरंपरेनुसार लोकाचे घनफळ ३४३ घनरज्जू, म्हणजे ७ चा घन. गोल आकार धरून त्यांनी हिशेब केला, तेव्हा सुमारे १६४ घनरज्जूच भरले. समान जाडी धरता अधोलोकाचे १९६ व ऊर्ध्वलोकाचे १४७ मिळून बरोबर ३४३ होतात. रूढ समजुतीपेक्षा हिशेबाला मान देणारी ही दृष्टी विलक्षणच म्हटली पाहिजे.

हे ज्ञान शतकानुशतके कर्नाटकातील मूडबिद्रीच्या ताडपत्रांत बंदिस्त होते. श्रावकांना त्यांचे केवळ दर्शन घडे. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आदींच्या प्रयत्नांनी प्रतिलिपीचे कार्य सुरू झाले. पुढे अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील संस्कृतचे प्राध्यापक डॉ. हिरालालजी जैन यांनी संपादनाचा भार उचलला. अमरावती, आरा आणि तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील कारंजा येथील प्रती ताडून, पं. फूलचंद्र व पं. हिरालाल सिद्धान्तशास्त्री यांच्या साहाय्याने, १९३९ मध्ये पहिला खंड अमरावतीहून प्रकाशित झाला. लोकाकृतीची चर्चा असलेला चौथा खंड १९४२ मध्ये आला. त्यात लखनौ विद्यापीठाचे गणितज्ञ डॉ. अवधेश नारायण सिंह यांचा धवलेतील गणितावरील लेख आहे. वऱ्हाडच्या भूमीतून जैन गणित अशा रीतीने जगापुढे आले.

समतेचे हेच सूत्र अन्यत्रही आढळते. जंबूद्वीपाच्या पटात भरतक्षेत्र १ भाग, हिमवान २, हैमवत ४ असे दुप्पट होत विदेहक्षेत्र ६४ भागांचे होते. तेथून उत्तरेस त्याच क्रमाने उतरत ऐरावत पुन्हा १ भाग. एकूण भाग १९०. पद्मासनस्थ जिनबिंबातही शिल्पकार दोन्ही गुडघ्यांमधील अंतर, प्रत्येक गुडघ्यापासून विरुद्ध खांद्यापर्यंतची दोन अंतरे आणि आसनापासून केशान्तापर्यंतची उंची ही चारही मापे समान राखतो. समचतुरस्र संस्थान ते हेच.

आज नव्या मंदिरांत लोकरचनेची चित्रे आकर्षक रंगांत काढली जातात. परंतु ७, १, ५, १ ही मापे ढळली, तर चित्र उरते, लोक उरत नाही. रंग देण्यापूर्वी एकदा सूत्र लावून पाहणे, हीच आचार्य वीरसेनांना आणि अमरावतीच्या त्या ज्ञानोपासकांना खरी आदरांजली ठरेल.