तरोट्याचा पाला, तरोट्याचे बी

मृगाचे दोन-चार पाऊस झाले की नागपूरच्या आठवडी बाजारांत पोत्यावर तरोट्याचे वाटे दिसू लागतात. कोकणात याच झाडाला टाकळा म्हणतात. धुऱ्यावर, पडीत रानात, रस्त्याकडेला हे आपोआप उगवते. कुणी पेरत नाही, म्हणून खुडताना कुणाचा सातबारा आड येत नाही. कोवळा पाला बारीक चिरायचा, भिजवलेली चणाडाळ आणि भरपूर लसूण घालून परतायचा. शिजताना उग्र वास येतो, पण ज्वारीच्या भाकरीबरोबर ताट साफ होते. पोटही साफ होते, असे बायका सांगतात. त्यात नवल नाही, रेचक म्हणून प्रसिद्ध असलेली सोनामुखी याच कुळातली.

वैद्यांचा जीव मात्र बियांवर. 16व्या शतकातल्या ‘भावप्रकाशा’त हा चक्रमर्द आहे, दद्रुघ्न, म्हणजे गजकर्ण घालवणारा, हे त्याचे दुसरे नाव. बी आंबट ताकात किंवा लिंबाच्या रसात वाटून गजकर्णावर लावायचे, हा खेड्यातला जुना इलाज. बुरशीला मारक घटक त्या बियांत पुढे प्रयोगशाळेतही सापडले. 1753 मध्ये लिनियसने त्याला ‘कॅसिया टोरा’ म्हटले. आज वनस्पतिशास्त्रात तो ‘सेन्ना टोरा’ आहे.

पाला दिवसभरात कोमेजतो, म्हणून तो गावाच्या आसपासच खपला. वाळलेले बी टिकते, म्हणून ते दूर गेले. चीनमध्ये या जातीचे बी भाजून डोळ्यांसाठी काढा करतात, जपानमध्ये त्याचा चहा होतो. आपल्याकडे विदर्भातल्या जंगलपट्टीत लोक शेंगा झोडपून बी व्यापाऱ्याला विकतात. त्यापासून निघणारा डिंक युरोपात कुत्र्या-मांजरांच्या डबाबंद खाद्यात घट्टपणासाठी वापरतात. त्या डब्याच्या किमतीतले झोडपणाऱ्याच्या हाती किती पडते, हे वेगळे सांगायला नको.

शेतकऱ्याच्या लेखी हे तणच; सोयाबीनमध्ये तणनाशकाखाली जाते. गंमत म्हणजे जबलपूरचे तण संशोधन संचालनालय गाजर गवत दाबण्यासाठी हाच तरोटा वाढू द्या म्हणते.

आता कृषी विभागाच्या रानभाजी महोत्सवांमुळे शहरातही मागणी आली आहे, तेव्हा घेणाऱ्याने एवढे पाहावे: तरोट्याच्या एका देठाला टोकाशी रुंद, गोलसर पानांच्या तीनच जोड्या असतात. टोकदार पानांच्या चार-पाच जोड्या दिसल्या तर तो कासविंदा. उत्तर प्रदेशात त्याच्या शेंगा खाऊन मुले दगावली आहेत. आणि पोळ्यानंतर तरोटा घेऊ नये, पाला जरड आणि कडू झालेला असतो.