पेणच्या पुढे कुठे जायचं?

नळाला पाणी नाही म्हणून वडखळची बाई आधी ग्रामपंचायतीत जाते, मग पेणला पंचायत समितीत. तिथेही अर्ज पडून राहिला तर? १८०९ साली स्वीडनने अधिकाऱ्यांवर नजर ठेवायला एक पद निर्माण केलं. त्यावर माणूस नेमायचा तो संसदेने, राजाने नव्हे. खरी मेख तीच.

आपल्या राज्याने १९७१ मध्ये लोकायुक्त कायदा केला. कारभारातल्या चुकीने त्रास झाला तर ‘गाऱ्हाणं’, कळल्यापासून १२ महिन्यांत मांडायचं. भ्रष्टाचाराच्या आरोपाला मुदत जास्त. लोकायुक्त कागद मागवतात, चौकशी करतात, पण हुकूम सोडत नाहीत, शिफारस करतात. मला तरी हे अपुरं वाटतं. शिफारस डावलली, तर ते राज्यपालांना विशेष अहवाल देऊ शकतात आणि तो विधिमंडळापुढे येतो. पेणला अर्ज देताना शिक्क्याची पोच मात्र मागून घ्या. तारीख तिच्यावरच असते.