शिंदळ माकुडी: कड्यावर दुर्मीळ, कुंडीत जगभर

शिंदळ माकुडी ही फक्त महाराष्ट्रातल्या डोंगरकड्यांवर उगवणारी मांसल वनस्पती. कोयनानगरच्या सातारा जिल्ह्यात ती सज्जनगडावर आढळते. १८६०च्या दशकात डाल्झेल यांनी मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून तिचे नाव ‘फ्रेरिया इंडिका’ ठेवले. पुढे आययूसीएनने जगातल्या सर्वाधिक धोक्यातील १२ वनस्पतींत तिला धरले.

गंमत म्हणजे तिची फांदी सहज मुळे धरते. त्यामुळे परदेशी उद्यानांत, हौशी लोकांच्या कुंड्यांतही ती वाढते. पण एकाच झाडाच्या फांद्यांपासून केलेली रोपे जनुकीयदृष्ट्या सारखीच. अशा शंभर कुंड्यांना कड्यावरच्या दहा वेगवेगळ्या झाडांची सर नाही. म्हणूनच उद्यानांनी रोपांची देवाणघेवाण करताना मूळ झाड कोणत्या कड्यावरचे, ही नोंद सोबत ठेवावी लागते.