इंजिनचं काम तेच, बिल मात्र पुन्हा: डीलरला जाब कसा विचाराल?

समजा, तुम्ही छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजमध्ये राहता आणि घरची गाडी आहे मारुती ओम्नी. तिचं उत्पादन २०१९ मध्येच थांबलं. इंजिन गरम होतं म्हणून डीलरने हेड गॅस्केट बदललं. दोन महिन्यांत पुन्हा तोच त्रास, पुन्हा तेवढंच बिल. ‘गाडी जुनी झाली’ हे उत्तर पुरेसं आहे का?

नाही. गॅस्केट जाण्याचं मूळ बऱ्याचदा रेडिएटर, थर्मोस्टॅट किंवा वॉटर पंपात असतं. ते तसंच राहिलं, किंवा वाकलेलं हेड फेसिंग न करताच बसवलं, तर नवं गॅस्केटही टिकत नाही.

मग काय कराल?

• दोन्ही वेळची जॉब कार्ड आणि बिलं शेजारी ठेवून तारीख, किलोमीटर आणि कामं ताडून पाहा.
• इंजिन गरम होण्याचं कारण काय सापडलं, हे लेखी विचारा.
• पुढच्या कामाआधी लेखी एस्टिमेट घ्या. काढलेले जुने पार्ट परत मागा.
• पक्कं बिल घ्याच. ते न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

तरीही दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्यानंतर ‘सेवेतील त्रुटी’ म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. मुदत २ वर्षांची. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही आणि वकील लावण्याची सक्तीही नाही.

म्हणून प्रत्येक कागद जपून ठेवा.